पवनाकाठचा कॅम्प आणि 'रेफ्युजी' या शब्दाचा प्रवास

'रेफ्युजी' हा शब्द इंग्रजीत आला तो फ्रान्समधून आणि आला तेव्हा तो एकाच समाजासाठी वापरला जात होता. १५९८ च्या नांतच्या जाहीरनाम्याने फ्रान्समधील प्रोटेस्टंटांना, म्हणजे ह्यूगेनो मंडळींना, आपल्या पद्धतीने उपासना करण्याची मुभा दिली होती. ऑक्टोबर १६८५ मध्ये चौदाव्या लुईने तो जाहीरनामा रद्द केला. प्रार्थनामंदिरे पाडली गेली, धर्मोपदेशकांना देशाबाहेर काढले गेले आणि सामान्य अनुयायांना मात्र देश सोडण्यास मनाई झाली. तरीही सुमारे दोन लाख माणसे रात्री-अपरात्री सीमा ओलांडून निघून गेली. इंग्लंडात उतरलेल्या या लोकांबरोबर त्यांच्या भाषेतला 'रेफ्युजिए' हा शब्दही उतरला आणि तिथे कायमचा राहिला.

त्यांतील काही कुटुंबे आयर्लंडमध्ये बॅरो नदीच्या काठी, पोर्टार्लिंग्टन नावाच्या लहानशा गावात वसली. विल्यम राजाच्या सैन्यात लढलेले हे निवृत्त फ्रेंच अधिकारी व त्यांचे कुटुंबीय. त्यांना तिथे बसवणारा सरदार आंरी द मास्यू हाही मूळचा फ्रेंच ह्यूगेनोच; पुढे तो गॉलवेचा अर्ल झाला. १६९६ साली गावात फ्रेंच चर्च उभे राहिले. शाळा निघाल्या आणि त्या इतक्या नावाजल्या, की आयर्लंडमधील बड्या घरांतली मुले फ्रेंच शिकायला तिथे येऊ लागली. चर्चमधील उपासना एकोणिसाव्या शतकाच्या आरंभापर्यंत फ्रेंचमध्ये चालत होती. शंभराहून अधिक वर्षे एका परक्या नदीच्या काठी एक भाषा टिकली. ती कशी टिकली हा प्रश्न ध्यानात ठेवा, कारण आता आपल्याला आपल्या नदीकडे यायचे आहे.

मी चिंचवडला राहतो आणि चाकणच्या एका कारखान्यात नोकरी करतो. आमच्याकडे कापड घ्यायचे, लग्नाचा बस्ता बांधायचा, पडद्यांना अस्तर लावून घ्यायचे म्हटले की एकच वाक्य निघते: 'कॅम्पात जाऊन येऊ.' पुण्याच्या माणसाला कॅम्प म्हणजे महात्मा गांधी रस्ता आठवतो. आम्हाला आठवते ती पिंपरी. रेल्वेवरचा पूल उतरून शगुन चौकात आले की गर्दी सुरू होते. भांड्यांची, चपलांची, घड्याळांची, सुक्या मेव्याची दुकाने, त्यांच्यापुढे हातगाड्या आणि त्या साऱ्यांतून वाट काढणाऱ्या दुचाक्या. पुण्याचा कॅम्प इंग्रजांच्या लष्कराचा. आमचा कॅम्प मात्र निर्वासितांचा. १९४७ नंतर सिंधमधून आलेल्या हिंदू कुटुंबांसाठी सरकारने वसवलेली ही छावणी.

पिंपरी-चिंचवडचा इतिहास सांगताना आपण बहुधा कारखान्यांपासून आरंभ करतो. १९५४ साली हिंदुस्तान अँटिबायोटिक्स आली, पेनिसिलिन बनू लागले. साठच्या दशकात आकुर्डीला बजाज आणि पिंपरीला टेल्को आली. १९७० मध्ये नगरपालिका, १९८२ मध्ये महानगरपालिका झाली. ही मांडणी सोयीची आहे, आणि तिच्यात दोन गोष्टी गळतात. पहिली म्हणजे इथली मूळ गावे: पिंपरी वाघेरे, चिंचवड, आकुर्डी, भोसरी. दुसरी म्हणजे ही छावणी, जी पेनिसिलिनच्या आधी आली. पहिल्या मोठ्या कारखान्याचे कामगार पगार घेऊन बाहेर पडू लागले, तेव्हा रेल्वेमार्गापलीकडे एक बाजारपेठ आकार घेत होती आणि ती चालवणारी माणसे काही वर्षांपूर्वीच सारे गमावून आलेली होती.

ती का आली, हे नीट समजून घ्यायला हवे. फाळणी म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे पंजाब येतो. पंजाब आणि बंगाल हे दोन प्रांत तोडले गेले. सिंध तोडला गेला नाही; तो अखंड पाकिस्तानात गेला. १९४१ च्या जनगणनेनुसार तेथील लोकसंख्येत हिंदू सुमारे पाव हिस्सा होते, पण हैदराबाद, शिकारपूर, सक्कर यांसारख्या शहरांत त्यांचेच प्रमाण अधिक होते. १९४७ चा ऑगस्ट सिंधमध्ये तुलनेने शांततेत गेला. पुढे डिसेंबरात हैदराबादेत आणि ६ जानेवारी १९४८ रोजी कराचीत दंगल झाली, आणि मग लोंढा सुरू झाला. कोणी कराचीहून बोटीने मुंबईला उतरले, कोणी खोखरापार-मुनाबावच्या रेल्वेने राजस्थानात आले. पंजाबी निर्वासिताला निदान भारतातला पंजाब होता. बंगाल्याला पश्चिम बंगाल होता. सिंध्याला भारतात अर्धे सिंधसुद्धा नव्हते.

इथे इतिहासातील एक विचित्र योगायोग सांगण्याजोगा आहे. १८४३ मध्ये चार्ल्स नेपियरने सिंध जिंकला आणि १८४७ पासून १ एप्रिल १९३६ पर्यंत हा प्रांत मुंबई इलाख्याचाच भाग होता. म्हणजे जवळजवळ नव्वद वर्षे पुणे आणि हैदराबाद-सिंध यांचा कारभार एकाच गव्हर्नराच्या हाताखाली चालला. इलाख्यातून वेगळे होऊन बारा वर्षे होतात न होतात तोच त्या प्रांतातली माणसे त्याच मुंबईच्या दारात निर्वासित म्हणून उभी होती. त्यांना छावण्यांत ठेवण्यात आले. सर्वांत मोठी कल्याणजवळची, महायुद्धातील लष्करी छावणीच्या जागेवर उभी राहिलेली. तिचे १९४९ मध्ये उल्हासनगर झाले, तेही तिथल्या नदीच्या नावावरून. कोल्हापूरजवळ वळिवड्याला तर बराकी आधीच तयार होत्या. १९४३ पासून तिथे सुमारे पाच हजार पोलिश निर्वासित राहत होते. ते गेले आणि सिंधी आले. आजचे गांधीनगर, जिथे अर्धा दक्षिण महाराष्ट्र कापड खरेदीला जातो, ते हेच. एकाच छपराखाली ओळीने दोन देशोधडीला लागलेले समाज राहून गेल्याचे दुसरे उदाहरण मला महाराष्ट्रात माहीत नाही.

पिंपरीच्या छावणीत आलेल्यांपैकी एक गृहस्थ माझ्या सहकाऱ्याचे आजोबा. आले तेव्हा सात-आठ वर्षांचे होते, आता पंच्याऐंशीच्या घरात आहेत. सिंधीत वडीलधाऱ्या पुरुषाला 'दादा' म्हणतात. मराठी कानाला आजोबांना दादा म्हणणे चमत्कारिक वाटते, पण घरात सारे तसेच हाक मारतात, म्हणून मीही मारू लागलो. दादांना मराठी उत्तम येते. ते पिंपरी गावातल्या शेतकऱ्यांकडून शिकले, म्हणून त्यांचे 'नाय' आणि 'हाय' अस्सल मावळी आहे.

मी 'निर्वासित' हा शब्द उच्चारताच ते म्हणाले, "बेटा, तो शब्द सरकारी कागदात ठीक हाय. आमच्यातले लोक म्हणायचे, आम्ही शरणार्थी नाय, पुरुषार्थी."

ही घोषणा त्या काळी उत्तरेकडील छावण्यांतही ऐकू येई. वडिलांविषयी दादा फारसे बोलत नाहीत. हैदराबादेत त्यांची पेढी होती. इथे त्यांनी लोकलमध्ये गोळ्या-बिस्किटे विकली. मग शिलाईचे धागे, मग कापडाचे तुकडे, मग दुकान. ही चढण दादा दोन वाक्यांत संपवतात. यशस्वी निर्वासिताची कथा लोकांना ऐकायला आवडते, त्यामुळे ती पुष्कळदा सांगितली गेली आहे आणि तिच्याखाली बाकीचे दबून गेले आहे, असे माझे मत आहे. छावणीतून सगळेच दुकानदार झाले नाहीत.

बाकीचे म्हणजे काय, ते दादांच्या कपाटातील एका पत्र्याच्या पेटीत आहे. तिच्यात त्यांच्या वडिलांच्या हातचे कागद आहेत. चाळीसेक असतील. घरात ते वाचू शकणारा माणूस एकच उरला आहे, आणि दादांच्या एका डोळ्याला आता जवळजवळ दिसत नाही.

असे का व्हावे, हे समजण्यासाठी लिपीची हकिकत सांगावी लागते. सिंधी भाषा अनेक लिप्यांत लिहिली जाई. १८५३ मध्ये इंग्रज सरकारने बावन्न अक्षरांची अरबी वळणाची लिपी प्रमाण ठरवली. शाळा आणि कचेऱ्या तिच्यात चालू लागल्या. व्यापारी आपल्या वह्या हटवाणिका नावाच्या वेगळ्याच लिपीत लिहीत. आपल्याकडील मोडी आठवा. आणि नानकपंथी घरांतील स्त्रिया गुरुवाणी वाचण्यासाठी गुरुमुखी शिकत. दादांच्या घरी हेच होते: वडिलांची पत्रे अरबी लिपीत, खतावणी हटवाणिकेत, आईची पोथी गुरुमुखीत. एकाच कुटुंबाचे अक्षर तीन दिशांना.

भारतात आल्यावर प्रश्न पडला: मुलांना कोणत्या लिपीत शिकवायचे? एक पक्ष म्हणाला, देवनागरी घ्या. आता या देशात राहायचे आहे, मुलांना हिंदी-मराठीही यायला हवी. दुसरा पक्ष म्हणाला, अरबी लिपी सोडली तर शाह अब्दुल लतीफपासूनचे सारे वाङ्मय आपल्या मुलांना परके होईल. वाद पुष्कळ वर्षे चालला आणि दोन्ही लिप्या मान्य झाल्या. १० एप्रिल १९६७ रोजी एकविसाव्या घटनादुरुस्तीने सिंधीला आठव्या अनुसूचीत स्थानही मिळाले. घटनेत भाषा आली, आणि त्याच सुमारास घरांतून ती लिहिणे उतरणीला लागले. कोणी मुलांना सिंधी शाळेत घातले, कोणी मराठी, पुढे बहुतेकांनी इंग्रजी. माझा सहकारी सिंधी बोलतो, जेवणाच्या ताटावर आईशी सिंधीत भांडतो. पण आपल्या पणजोबांचे अक्षर त्याला नक्षीसारखे दिसते.

पोर्टार्लिंग्टनचा प्रश्न इथे उपयोगी पडतो. तिथे फ्रेंच शंभर वर्षे टिकली, कारण तिला चर्च होते, शाळा होती, निवृत्तिवेतन होते आणि राजाचा वरदहस्त होता. यातली काळी बाजूही सांगितली पाहिजे. ज्या जमिनीवर ती मंडळी वसली, ती पराभूत पक्षाच्या आयरिश जमीनदाराकडून जप्त केलेली होती. ह्यूगेनो हे पीडित होते आणि त्याच वेळी विजेत्यांच्या वसाहतीचे प्यादेही होते. शिवाय त्यांची भाषा युरोपात प्रतिष्ठेची होती, श्रीमंत लोक पैसे मोजून ती शिकत. सिंधीला पिंपरीत असे कोणी गिऱ्हाईक नव्हते. शेजारच्या गावातील माणसाने सिंधी शिकण्याचे काही कारण नव्हते. दुकानदाराने मराठी शिकण्याचे मात्र रोज होते.

तरीही एक गोष्ट शाबूत राहिली, आणि ती लिपीवाचून राहिली. ती म्हणजे नदी.

झूलेलालची कथा थोडक्यात अशी. दहाव्या शतकात ठठ्ठ्याच्या मिर्ख शाहाने हिंदूंना धर्मांतराची आज्ञा केली. लोकांनी सिंधूच्या काठी चाळीस दिवस उपास करून नदीची आराधना केली. तिच्या वराने नसरपूरला उदेरोलाल जन्मला, तोच झूलेलाल. तो माशावर बसलेला, पांढऱ्या दाढीचा, हातात पोथी घेतलेला असा चितारतात. इतिहास म्हणून ही कथा सिद्ध करता येत नाही, पण तिचा एक उत्तरार्ध विलक्षण आहे: सिंधमधील उदेरोलाल येथील त्याचे स्थान हिंदू आणि मुसलमान दोघेही आपले मानतात, मुसलमान त्याला शेख ताहिर म्हणून ओळखतात. धर्मसक्तीची कथा सांगणाऱ्या देवाचे ठाणे दोन्ही धर्मांनी वाटून घ्यावे, हे सिंधचे वैशिष्ट्य होते.

नदी हाच देव असलेला समाज नदी मागे ठेवून आला. मग त्याने काय करावे? पिंपरीत त्याने पवना घेतली. काठावर आज झूलेलालच्या नावाचा घाट आहे. चेटीचंडला, म्हणजे आपल्या गुढीपाडव्याला लागूनच येणाऱ्या चैत्राच्या चंद्रदर्शनाला (चेट म्हणजे चैत्र, चंड म्हणजे चंद्र), इथे बहिराणा येतो: परातीत कणकेचा दिवा, फळे, खडीसाखर, पाण्याचा कलश. नाच, छेज, ढोल आणि शेवटी दिवा पाण्यावर सोडणे.

मी या वर्षी मुद्दाम गेलो. ज्या पाण्यावर तो दिवा सोडतात, ते पाणी काळसर होते आणि काठाशी जलपर्णी दाटली होती. मंडळींनी काठीने ती बाजूला सारून जागा केली आणि दिवे सोडले. भूगोलाचा विद्यार्थी म्हणून माझ्या मनात आले, की सिंधू अरबी समुद्राला मिळते. पवना त्याच समुद्राच्या बाजूच्या सह्याद्रीत उगम पावते, पण पाठ फिरवून पूर्वेकडे निघते: दापोडीशी मुळेला, मग भीमेला, मग कृष्णेला आणि अखेर बंगालच्या उपसागराला. पिंपरीत सोडलेला दिवा सिंधूच्या पाण्याला कधीच भेटणार नाही. मी हे दादांना सांगितले.

ते म्हणाले, "तुझं बरोबर हाय. पण आम्हाला नकाशा कोणी विचारला व्हता?"

याच नदीवर वरच्या अंगाला चिंचवडला मोरया गोसावींची समाधी आहे. आणि अनंत चतुर्दशीला शेकडो गणपती ज्या घाटांवर विसर्जित होतात, त्यांत झूलेलाल घाटही आहे. त्या रात्री ध्वनिक्षेपकावरून 'झूलेलाल घाटाकडे जाणाऱ्या मंडळांनी' अशी सूचना ऐकू येते, तेव्हा ती ऐकणाऱ्यांपैकी कोणालाही त्यात नवल वाटत नाही. देवाला इथे घर मिळाले.

कागदांना मात्र नाही. म्हणून गेल्या काही महिन्यांपासून दर रविवारी आम्ही तिघे बसतो. दादा भिंगातून वाचतात, माझा सहकारी देवनागरीत उतरवतो, मी दिनांक आणि स्थळे पडताळतो. काम कूर्मगतीने चालते. सिंधीत श्वास आत ओढून उच्चारायचे चार व्यंजनध्वनी आहेत, जे मराठीत नाहीत. देवनागरीत त्यांच्यासाठी ग, ज, ड, ब यांच्याखाली रेघ देतात. नातू रेघ विसरला, की दादा वाचन थांबवतात. त्यामुळे एका बैठकीत एखादे पान होते.

आतापर्यंत वाचलेल्यांत सर्वांत मोलाचा कागद म्हणजे 'क्लेम'चा कच्चा मसुदा. हा शब्द कॅम्पातल्या वृद्धांच्या तोंडी अजून आहे. मागे राहिलेल्या मालमत्तेचे दावे नोंदवण्यासाठी १९५० साली कायदा झाला आणि भरपाईचा कायदा १९५४ साली आला. भरपाई पूर्ण किमतीची नसे. दावा जितका मोठा, तितके मिळणाऱ्या रकमेचे प्रमाण कमी. दादांच्या वडिलांनी इंग्रजी अर्ज भरण्याआधी स्वतःच्या लिपीत यादी केली होती. हैदराबादेतील दुमजली घर. सहा खोल्या. गच्चीवर दोन मंघ. हैदराबादेच्या जुन्या छायाचित्रांत छपरांवर ओळीने उभे असलेले जे चौकोनी झरोके दिसतात, ते हे मंघ. नैर्ऋत्येचा वारा पकडून खाली खोलीत सोडणारे. अंगणात विहीर. पुढे एक ओळ: 'हाल्याचा पींघो'. हाला हे लाखकामासाठी प्रसिद्ध असलेले सिंधमधील गाव आणि पींघो म्हणजे घरातला झोपाळा. त्याच्यापुढे किंमत लिहिली होती, मग ती किंमत खोडली होती, मग सबंध ओळच खोडली होती.

ती का खोडली, हे दादांना ठाऊक नव्हते. कायदा वाचल्यावर उलगडा झाला: दावा केवळ स्थावर मालमत्तेचा करता येई. घर चालेल, विहीर चालेल. झोपाळा जंगम, त्याची नोंद सरकारदरबारी नाही. मी हे सांगितल्यावर दादा बराच वेळ तो कागद भिंगाखाली धरून बसले. मग त्यांनी त्या झोपाळ्याचा रंग सांगितला. लाल आणि पिवळा, आणि कड्यांना पितळेच्या घुंगरा. ही माहिती कोणत्याच कागदावर नाही. नातवाने ती समासात लिहून घेतली, दिनांकासह.

अजून बावीस कागद शिल्लक आहेत. त्यांतले सहा हटवाणिकेत आहेत आणि ती दादांनाही वाचता येत नाही.

हा धागा वाचणाऱ्यांपैकी कोणाचे आजी-आजोबा पिंपरी, उल्हासनगर, गांधीनगर किंवा आणखी कुठल्या छावणीत आले असतील आणि घरात अशी पेटी असेल, तर एवढे करा: प्रत्येक पानाचे दोन्ही बाजूंनी, दिवसाच्या उजेडात, सावली न पडू देता छायाचित्र घ्या, खोडलेल्या ओळी वगळू नका, आणि वाचणारे माणूस हयात असेल तर ते वाचत असताना त्यांचा आवाज ध्वनिमुद्रित करा. हटवाणिका वाचणारे कोणी तुमच्या ओळखीत असेल, तर खाली लिहा. आमचा रविवार सकाळी दहाला सुरू होतो.